विठूमामाचे फुटबॉलचे शुक्रवार

"तू त्यांच्यासाठी मागितलंस, मामा! त्यांच्यासाठी!"

"मग कोणासाठी मागू? उभा कुठे होतो मी?"

"आमच्या बाजूला! आमची पाण्याची बाटली होती तुझ्या हातात!"

"बाटली हातात होती. पाय कुठे होते? वसईच्या मातीत. आता वसईच्या मातीत उभं राहून वसईचं वाटोळं मागू? आमच्यात नाही चालत असलं."

"आमच्यात म्हणजे कोणात? मी कोण मग?"

"तू सिल्व्हर पार्कातला, बिल्डिंगमधला. तुला काय कळतंय."

हायवेच्या कडेला वडापावच्या गाडीपाशी टेम्पो उभा होता. टेम्पोत चिखलाने माखलेली चौदा पोरं, आणि खाली रस्त्यावर मामा-भाचे. भाचा साईराज, भाईंदरच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा. मामा म्हणजे विठू मांडवकर, पन्नाशीचा, अंगाने सुपारीच्या झाडासारखा, आणि आवाज मात्र असा की त्याने हाक मारली की पलीकडच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत यायची.

"तीन-दोनने हरलो आपण," साईराज म्हणाला. "तुझं ते गाऱ्हाणं सुरू झालं आणि वसईची सगळी पोरं 'व्हय महाराजा, व्हय महाराजा' करत अंगावर आली. साहिलच्या हातातून बॉल सुटला!"

टेम्पोतून गोलकीपर साहिलने डोकं बाहेर काढलं. नया नगरचा पोरगा, उजवा अंगठा सुजून वांग्याएवढा. "मामू, सच बोलूँ? मैं भी आदत से 'व्हय महाराजा' बोल दिया. तभी छूटा."

"बघ!" साईराज ओरडला. "आपला गोलकीपर पण त्यांच्या बाजूने बोलला!"

"चांगल्या वळणाचा आहे पोरगा," विठूमामा म्हणाला.

साईराजने कपाळावर हात मारला. मग आवाज खाली आणला, आणि विठूला तेच जास्त लागलं. "मामा, पोरांनी ठरवलंय. पुढच्या शुक्रवारी घोडबंदरला शेवटची मॅच आहे. ती जिंकलो तर गुणांवर कप आपला. तू येऊ नकोस आमच्याबरोबर."

"टेम्पो कोणी आणला रे? माझ्या शेटला सांगून टेम्पो मी आणला!"

"टेम्पो पाठव. तू नको."

*

हे गाऱ्हाण्याचं प्रकरण समजायचं तर विठूमामाचा शुक्रवार समजायला हवा.

विठू राजापूरकडचा. विशीत भाईंदरला आला तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंगवर लागला. बफिंग म्हणजे फिरत्या चाकावर भांडं धरून त्याला चकाकी आणायची. भांडं आरशासारखं होतं आणि माणूस तव्यासारखा. संध्याकाळी घरी गोडदेवला आला की शालूमामी आधी त्याला मोरीत ढकलायची आणि मगच ओळख द्यायची. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, कारण त्या भागात शुक्रवारी वीज बंद. जगाला सुट्टी रविवारी. शुक्रवारी विठूशी गप्पा मारायला चाळीत मांजरसुद्धा मोकळं नसायचं. मामी चार घरी स्वयंपाकाला जायची. विठू दिवसभर पंख्याकडे बघत बसायचा, आणि पंखाही बंद.

अशाच एका शुक्रवारी बहिणीचा फोन आला. साईराज तेव्हा नुकताच कॉलेजात गेलेला. "विठू, ह्याचे बूट घरीच राहिले रे. मैदानावर नेऊन दे ना."

विठू बूट घेऊन गेला. मैदानावर पोरं गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी इंग्रजीत किंचाळत होती.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"मॅचच्या आधी ओरडतात, मामा. जोर येतो."

"कोणाला उद्देशून ओरडतात?"

"कोणाला म्हणजे? असंच."

विठूला ते पटेना. इतकी तरणी पोरं, इतका दम, आणि सगळं हवेत सोडून द्यायचं? मागायचं तर कोणाकडे तरी मागा! त्याचा बाप गावच्या देवळात शिमग्याला गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून, अख्ख्या गावाच्या वतीने मोठ्याने केलेलं मागणं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला एका आवाजात होकार भरायचा. विठूने बूट खाली ठेवले, चपला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटून सुरू केलं,

"बा देवा म्हाराजा! ह्या मैदानाच्या राखणदारा म्हाराजा!"

पोरं गप्प झाली. विठूने एक डोळा उघडला. "अरे मेल्यांनो, 'व्हय म्हाराजा' म्हणा!"

"व्हय महाराजा," चार-पाच जण पुटपुटले.

"जेवला नाहीत काय?"

"व्हय महाराजा!!"

"आज ही लेकरं तुझ्या दारात बॉल घेऊन आलीत म्हाराजा! कोणाचा पाय मुरगळलेला असेल, कोणाचं पोट बिघडलेलं असेल, कोणी आयशीला न सांगता आला असेल, त्या सगळ्यांना सांभाळून घे म्हाराजा! बॉल त्या समोरच्या जाळीत जाऊ दे, ह्या जाळीत येऊ देऊ नको म्हाराजा!"

"व्हय महाराजा!!!"

त्या दिवशी भाईंदर जिंकलं. फुटबॉलमधलं विठूला तेव्हाही काही कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. ऑफसाइडचा झेंडा कडेचा माणूस कंटाळला की वर करतो, असं त्याचं ठाम मत होतं. बॉलकडे तो फारसा बघायचाच नाही, माणसांकडे बघायचा. पण सामन्याचा तो दिवस त्याला जत्रेसारखा वाटला, आणि त्याला बातमी लागली की असल्या जत्रा खाडीच्या दोन्ही अंगांना कॉलेजाकॉलेजात भरतात, आणि त्याही बहुतेक शुक्रवारी, कारण शनिवार-रविवारी मैदानं क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात असतात.

झालं. दर शुक्रवारी विठूमामा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात एक नारळ मावत नाही म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडायला लागला.

"कुठे निघाली स्वारी?" मामी विचारायची.

"कॉलेजला."

"ह्या वयात? कुठल्या वर्गात बसवणार तुम्हांला?"

वसईच्या मैदानाभोवती माड. तिथली पोरं घरचा ब्रास बँड घेऊन यायची, आणि गोल झाला नाही तरी वाजवायची, कारण इतकं ओझं आणलंय तर वाजवायला नको? विरारला मैदानाला उतार होता. पहिल्या अर्ध्यात खालच्या अंगाला खेळणारी टीम हरलीच म्हणून समजा, आणि मध्यंतरानंतर अंग बदललं की दुसरी. विठूला हा न्याय फार आवडायचा. उत्तनला मैदानाच्या कडेला सुकी मासळी घातलेली असायची आणि कोळणी मासे राखता राखता सामना बघायच्या. एक म्हातारी त्याच्याशेजारी बसून म्हणाली होती, "आमचा गोलकीपर बरा हाय रं, पन त्याला दिसत न्हाय." विठूने त्या दिवशी गाऱ्हाण्यात त्या पोराच्या डोळ्यांसाठी वेगळं मागणं घातलं. तीन गोल अडवले त्याने. म्हातारीने विठूच्या पिशवीत दोन बोंबील कोंबले, आणि घरी आल्यावर मामी म्हणाली, "हे बरं कॉलेज. इथेच जात जा."

कॉलेज चांगलं की वाईट हे विठू एकाच गोष्टीवरून ठरवायचा: उशिरा आलेल्या परक्या माणसाला तिथली पोरं सरकून जागा देतात की नाही. देत असतील तर कॉलेज पास.

आणि जिथे जाईल तिथे तो यजमानांसाठी मागायचा. ह्यात त्याला विचार करायला काही लागायचंच नाही. ज्याच्या शिवेत उभं राहायचं, त्याच्या राखणदाराचं आधी नाव घ्यायचं आणि त्याच्या लेकरांसाठी मागायचं. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्याच देवाला सांगायचं की ह्याला पाड? इतका निर्लज्ज माणूस राजापुरात जन्मला नव्हता.

घोळ झाला तो इथेच. साईराजच्या टीमने मामाला आजवर फक्त भाईंदरच्या मैदानावर ऐकलं होतं. तिथे यजमान तेच. ते धरून चालले, मामा आपला. यंदा साईराज कॅप्टन झाला, चार कॉलेजांनी मिळून खाडीकाठ करंडक नावाची नवी स्पर्धा काढली, आणि वसईला जाताना पोरांनी पहिल्यांदा मामाला वाजतगाजत टेम्पोत घेतलं. ड्रायव्हरशेजारची सीट दिली. साहिल म्हणाला, "मामू अपना मेन प्लेयर है." विठूचा ऊर भरून आला होता. इतकी वर्षं एकटाच जायचा तो, एसटीने, बसने, पायी. कोणाच्या तरी गोटातून, सगळ्यांबरोबर गाणी म्हणत, दुसऱ्याच्या कॉलेजला जायची मजा काय असते ती त्याला पन्नाशीत कळली.

आणि वसईत उतरून, ऐन सामन्यात चपला काढून, हात जोडून त्याने घातलं गाऱ्हाणं वसईसाठी.

*

पुढचा शुक्रवार उजाडला. टेम्पो सकाळीच गेला. विठूने स्वतः शेटला सांगून, डिझेल भरून पाठवला. स्वतः मात्र माळ्यावर चढला.

"आज कॉलेज नाही?" मामीने विचारलं. तिने त्या दिवशी एका घरची सुट्टी घेतली होती, गणपतीनंतर माळा साफ झाला नव्हता म्हणून.

"कॉलेजातून काढलं."

"नापास झालात?"

विठू डबे खाली द्यायला लागला. मामी डबे घेत होती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की वरून पुटपुटणं ऐकू येतंय. ती स्टुलावर चढली. नवरा मांडी घालून, पिठाच्या डब्यासमोर हात जोडून बसला होता.

"...त्या साहिलच्या अंगठ्याची सूज उतरू दे म्हाराजा..."

"अहो!"

विठू दचकला. डोकं पत्र्याला आपटलं.

"पिठाच्या डब्याला काय मागताय? तो काय देणार तुम्हांला, चपात्या?"

"अगो, घरात बसून मागितलं तर चालतं. इथली शीव आपली."

"मग तिथे जाऊन का नाही मागत?"

"तिथे घोडबंदरसाठी मागावं लागेल. साईराज बोलला, येऊ नको."

"टेम्पोतून येऊ नको बोलला ना? बस काय त्याच्या बापाची आहे?"

"बायकोसारखं बोल गो, वकिलासारखं नको बोलू."

"हे बघा," मामीने स्टुलावर उभ्या उभ्या कमरेवर हात ठेवले, "तुम्ही घरात असलात की मला एक काम चार वेळा करावं लागतं. तो डबा तिसऱ्यांदा वर गेलाय. मला माझा शुक्रवार द्या आणि तुमचा तुम्ही घ्या. उतरा!"

"पण पोरगा तोंड फिरवेल."

"फिरवू दे. मॅचला पोराचं तोंड बघायला जाता की मॅच?"

ह्याचं खरं उत्तर विठूला ठाऊक होतं, आणि ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. पोरांचीच तोंडं बघायला तर जायचा तो. आता त्यातली पंधरा फिरली तर कशाला जायचं? तरी तो उतरला. शर्ट घातला. पिशवी घेतली.

*

घोडबंदरच्या कॉलेजचं मैदान खाडीकडच्या अंगाला. विठू पोचला तेव्हा सामना सुरू व्हायचा होता. यजमानांच्या पोरांनी त्याला फाटकातच ओळखलं.

"मामा आले! ए, सरका, सरका, मामाला जागा द्या!"

पास, विठूच्या मनात आलं. सवयीने.

त्यांचा कॅप्टन जितेंद्र धावत आला. हातात सोललेला नारळ. "मामा, आम्हांला वाटलं तुम्ही भाईंदरचे झालात. वसईला त्यांच्या टेम्पोतून आलात असं कळलं."

विठूने पलीकडच्या कडेला बघितलं. भाईंदरची पोरं बूट बांधत होती. साईराजने मान वर केली, मामाला पाहिलं आणि बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"मी कोणाचा झालो नाही," विठू म्हणाला. "नारळ आण इकडे."

त्याने चपला काढल्या. पाय घोडबंदरच्या मातीत. हात जोडले. बापाचं नाव होतं, वाईट गाऱ्हाणं घालून चालणार नव्हतं. आणि एकदा आवाज लागला की विठू विठू राहायचा नाही. "बा घोडबंदरच्या राखणदारा म्हाराजा! खाडीच्या पाण्याच्या, किल्ल्याच्या दगडाच्या, ह्या हायवेच्या धुरळ्याच्या धन्या म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांना यश दे म्हाराजा!" दीडदोनशे पोरंपोरी एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणाल्या तेव्हा खाडीवरचे बगळे उडाले. पलीकडच्या कडेला साहिलने स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते.

पहिला अर्धा गोलाशिवाय गेला. मध्यंतर झालं. जितेंद्रने मामाला लिंबूसरबत दिलं. विठू ते न पिताच हातात धरून बसला.

आणि तेव्हा साईराज उठला.

मैदानाच्या मध्यावर येऊन त्याने बूट काढले. मोजे काढले. हात जोडले. डोळे मिटायला विसरला, मग आठवल्यावर मिटले.

"बा... बा देवा महाराजा!"

त्याची टीम एकमेकांकडे बघायला लागली. साहिल म्हणाला, "व्हय महाराजा!" बाकीच्यांपैकी एक जण "येस!" म्हणाला आणि ओशाळला. घोडबंदरच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं.

साईराजचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. "आम्ही भाईंदरवरून आलोय महाराजा! म्हणजे... बर्तनच्या टेम्पोतून आलोय महाराजा!"

शांतता. मैदानभर नुसती शांतता. ते मागणं मध्येच लटकत राहिलं, दारात उभ्या पाहुण्याला कोणी या म्हणू नये तसं.

विठूला त्याच्या बापाने दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. ज्याची शीव त्याच्यासाठी मागायचं ही एक. आणि गाऱ्हाणं कानावर पडलं की होकार भरायचा, मग घालणारा सख्खा असो, सावत्र असो की वैरी. मागणाऱ्याला एकटं पाडायचं नाही. ही दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात नव्हतीच, ती त्याच्या जिभेत राहत होती.

"व्हय म्हाराजाऽऽ!"

तो आवाज यजमानांच्या गर्दीतून, अगदी मधोमधून गेला. आणि दीडदोनशे पोरांना सवय लावली होती ती विठूनेच. मामाने सूर दिला की बाकीच्यांनी उचलायचा. त्यांनी उचलला.

"व्हय महाराजाऽऽऽ!"

साईराजने डोळे उघडले. क्षणभर त्याला कळेना हे कुठून आलं. मग त्याने मामाला पाहिलं आणि त्याच्या आवाजात एकदम दम आला. "आमच्या साहिलचा अंगठा सुजलाय महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"त्याला बरा कर, आणि रेफ्रीसाहेबांना बरोबर दिसू दे महाराजा!"

"व्हय महाराजा!" हे सगळ्यांत मोठ्याने आलं, दोन्ही बाजूंनी.

जितेंद्र धावत कडेला आला. "अरे ओ! ते त्यांचं आहे! ते त्यांच्यासाठी मागतायत! गप बसा!"

"आम्हांला एकच गोल दे महाराजा! जास्त नको, एकच! आणि आम्हांला जिंकव महाराजा!"

"व्हय महाराजाऽऽऽ!" अख्ख्या घोडबंदरने भाईंदरच्या विजयाला होकार भरला, आणि मग आपण काय बोललो ते कळून पोरीपोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. ढोलवाल्याने उगाचच ढोल बडवला. रेफ्री शिट्टी तोंडात धरून हसत होता, त्यामुळे शिट्टी आपोआप वाजत होती.

दुसरा अर्धा सुरू झाला तरी जितेंद्र मामासमोरून हलेना. "मामा, हे काय केलंत?"

"अरे, त्याने मागितलं ना..."

"पण कोणासाठी मागितलं!"

"मागितलं की भरायचा होकार. असं बघ, समजा तुझ्या घरी कोणी..."

"कॅप्टन! अरे कॅप्टन, बॉल!" कोणीतरी किंचाळलं.

जितेंद्र वळला. त्याच्या जागेवर जो कोणी असायला हवा होता तो तोच होता, आणि तो इथे होता. त्या मोकळ्या जागेतून भाईंदरच्या कोणीतरी बॉल ढकलला, तो कोणाच्या तरी नडगीला लागला, तिथून कोणाच्या तरी पाठीला आणि जाळीत गेला. विठूने तो गोल पाहिलाच नाही. तो जितेंद्रला अजून पाहुण्याचं उदाहरण समजावत होता.

एक-शून्य. तोच निकाल राहिला.

कप लहानसाच होता, स्टीलचा. विठूच्या नजरेने लांबूनच सांगितलं की पॉलिश धड नाही. पोरांनी तो डोक्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारली, आणि घोडबंदरच्या पोरांनी त्यांच्यामागून, आम्हीच जिंकवलं म्हणून, दुसरी.

विठू चपला शोधत होता. पाठीमागून कोणीतरी त्याच्या पायापाशी चपला सरकवल्या. साईराज.

"टेम्पो उभाय," तो म्हणाला.

"बरं."

"पुढची सीट रिकामी आहे. पोरांनी सांगितलंय."

"काय सांगितलं पोरांनी?"

"की मामाला बोलव. आणि..." साईराजने पायाने माती उकरली. "मी पण सांगितलंय."

विठू चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. बराच वेळ पुसला.

"माझं गाऱ्हाणं कसं झालं?"

"बर्तन काय बोललास मेल्या? भांडी बोलायचं. देव काय हिंदीत ऐकतो?"

"घोडबंदरचा आहे, सगळं ऐकत असेल," साईराज म्हणाला. दोघेही हसले.

तेवढ्यात जितेंद्र आला. त्याने साईराजचा हात हातात घेतला, पाठीवर थाप मारली आणि मामाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण हिशोब बाकी होता.

"मामा, एक विचारू? खरं सांगायचं हां."

"विचार."

"तो पहिला 'व्हय महाराजा'. तो तोंडातून निसटला, की मुद्दाम सोडलात?"

साईराजनेही मान वर केली. हे त्यालाही विचारायचंच होतं. "हां मामा. खरं सांग. सवयीने गेलं, की माझ्यासाठी?"

दोन्ही कॅप्टन उत्तरासाठी उभे राहिले, एक डावीकडे, एक उजवीकडे. विठूमामाने चष्मा डोळ्यांवर चढवला. एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. चपलांमधली माती झटकली, रिकामी पिशवी खाकेत मारली आणि दोघांच्या मधून वाट काढत तो फाटकाबाहेर उभ्या टेम्पोच्या पुढच्या सीटकडे चालू लागला.